‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण का गं? : शिष्यवृत्ती समित्यांना खुलं पत्र

प्रति,
विद्यापीठांच्या प्रवेश आणि शिष्यवृत्ती समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

यंदा आमच्या घरी चार दिवसांच्या अंतराने दोन पत्रं आली, दोन्ही माझ्या भाचीच्या नावाने. पहिलं ज्या विद्यापीठाकडून आलं त्याचं नाव सांगितलं की ऐकणारा विचारतो, “हे कुठं आलं?” त्यात पूर्ण शिष्यवृत्ती होती. दुसऱ्याचं नाव सांगितलं की कुणी काहीच विचारत नाही, फोनवरचं माणूस क्षणभर गप्प होतं आणि मग “अरे वा!” म्हणतं. त्यात थोडी मदत होती, बरंचसं कर्ज होतं आणि उरलेलं आमचं आम्ही बघायचं होतं. उत्तर दोघांनाही एकाच तारखेपर्यंत हवं होतं. हातात होते सोळा दिवस.

भाचीने दोन्ही पत्रं जमिनीवर शेजारी शेजारी मांडली, मध्ये कोरा कागद ठेवला आणि पेन्सिलीने चार रकाने आखले. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं. पहिला रकाना दोन्ही विद्यापीठांसाठी पाच मिनिटांत भरला. दुसऱ्याशी ती अडली. शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘पूर्ण’ हा शब्द पहिल्याच पानावर तीनदा आला होता, त्यातला दोनदा ठळक अक्षरांत. चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात एक ओळ होती : ‘पुढील वर्षांचे नूतनीकरण लागू असलेल्या अटींच्या अधीन राहील.’ अटी कोणत्या, ते पत्रात कुठेच नव्हतं. वसतिगृहाचा खर्च ‘प्रथम वर्षी’ मिळणार होता. पुढच्या वर्षांबद्दल अवाक्षर नाही. तिने पेन्सिल कानामागे खोचली आणि मला विचारलं, “मावशी, ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण का गं?”

मला चटकन उत्तर देता आलं नाही. बावीस वर्षांपूर्वी हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता.

मीही तेव्हा एका नावाजलेल्या विद्यापीठाला नकार कळवून पूर्ण शिष्यवृत्ती घेतली होती. दुसऱ्या वर्षाअखेर माझी गुणांची सरासरी भरली चारपैकी ३.४७. अट होती ३.५ची. ते तीन शतांश एका प्रयोगशाळेच्या विषयात गेले. तो विषय मला सक्तीचा नव्हता, मी हौसेने घेतला होता. शिष्यवृत्ती कमी झाली नाही, अर्धी झाली नाही, गेली. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल काढून माझ्या सहीचा कागद माझ्यासमोर धरला. सही माझीच होती, तेव्हा भांडायचं तरी कशावर? उरलेली दोन वर्षं कर्जावर काढली. पुढे सगळं मार्गी लागलं, त्यामुळे हे रडगाणं नाही. फक्त तेव्हापासून ‘पूर्ण’ असं कुठे छापलेलं दिसलं की मी आधी पान उलटून बघते.

तुम्ही मंडळी या निवडीकडे ‘नाव की पैसा’ असं बघता. सल्ला देणारेही तेच करतात. आमच्याकडे भावजी नावाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, छोट्या ठिकाणी पहिली येऊन काय होणार, वासरात लंगडी गाय शहाणी. ताई पैशाच्या बाजूची. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. दोघांचंही खरं होतं आणि दोघांचंही भाचीच्या कागदावर कुठे बसत नव्हतं. कागदावर दिसत होतं ते वेगळंच. एकीकडे कर्जाचा आकडा छाती दडपेल असा होता, पण चारही वर्षांचा कळलेला होता. दुसरीकडे आकडा शून्य होता, पण एकाच वर्षाचा. ती नाव आणि पैसा यांतून निवडत नव्हती. माहीत असलेलं ओझं आणि माहीत नसलेली सूट यांतून निवडत होती, आणि ती सूट माहीत नसण्याला तिचा नाइलाज होता, तुमचा नव्हता.

नावाचं आधी बोलू, कारण भावजींशी वाद घालता घालता मला ते बरंच वाचावं लागलं. वाचायला मिळालं ते बहुतेक अमेरिकेतलं. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक साधी युक्ती केली. नामांकित संस्थांतून शिकलेले जास्त कमावतात, हे सगळ्यांना दिसतं. पण ती मुलं मुळातच हुशार आणि धडपडी असतात, मग श्रेय कुणाचं? म्हणून त्यांनी एकसारख्याच संस्थांनी घेतलेली आणि एकसारख्याच संस्थांनी नाकारलेली मुलं एकमेकांशी ताडून पाहिली. तशी तुलना केल्यावर नावाचा फायदा बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ उरलाच नाही. त्याच दोघांच्या २०१४ च्या अभ्यासातही सर्वसाधारण चित्र तेच राहिलं. मात्र अपवाद होते, आणि भावजींनी नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं : कमी उत्पन्नाच्या घरातली, कमी शिकलेल्या आईवडिलांची, तसंच कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं. त्यांना नावाचा फायदा होताना दिसला. म्हणजे ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्यांना ते नाव ओळख मिळवून देतं.

पुढे २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या अत्यंत नामांकित बारा संस्था आणि राज्यांची प्रमुख सरकारी विद्यापीठं यांची त्यांनी तुलना केली. सरासरी कमाईत म्हणावा असा फरक पडला नाही. पण कमाईच्या अगदी वरच्या एका टक्क्यात पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली, नामांकित ठिकाणी पुढचं शिक्षण मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट आणि प्रतिष्ठित कंपन्यांत नोकरी लागण्याची तिप्पट. यातून मी काढलेला अर्थ असा : चांगलं पोट भरण्यासाठी नाव लागत नाही, काही मोजक्या दारांतून आत शिरायला लागतं. मुलीला त्या दारांतून जायचंच नसेल, तर त्यासाठी कर्ज काढणं म्हणजे न चढायच्या गाडीचं तिकीट काढणं.

आणि लंगडी गाय? मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून हेच तपासलं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर अतिहुशारांच्या गर्दीत बसलेल्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत खाली येतं, साध्या वर्गात बसलेल्याचं वर राहतं. भावजींना हे पटलं नाही. मला पटतं, कारण मी ते भोगलंय, चांगल्या अर्थाने. त्या अनोळखी नावाच्या विद्यापीठात माझ्या एका प्राध्यापकांना मी नावानिशी माहीत होते. पहिल्याच वर्षाच्या सुट्टीत त्यांनी मला त्यांच्या कामात घेतलं. वर्गातून कितवी आले हे मी विसरले, पण त्या सुट्टीत शिकलेलं अजून वापरते आहे.

म्हणून सांगते, मी शिष्यवृत्तीच्या बाजूची आहे. स्वतःची गेली तरी आहे. कर्ज नसलेलं माणूस पदवीनंतर कुठलं काम घ्यायचं ते जरा निवांत ठरवू शकतं. जेसी रॉथस्टाइन आणि सेसिलिया राउझ यांनी २०११ साली एका अतिशय नामांकित विद्यापीठातल्या मुलांवर हे दाखवून दिलं. त्या विद्यापीठाने कर्जाच्या जागी अनुदान द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे कर्ज असलेले आणि नसलेले यांची तुलना करता आली. कर्ज असलेले जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळत होते आणि लोकोपयोगी, कमी पगाराची कामं टाळत होते. भाचीला शिकवायची आवड आहे. शिक्षिकेच्या पगारातून तो आकडा फिटायला किती वर्षं लागतील, ते तिने त्याच कागदाच्या मागे मांडून पाहिलं आणि नंतर खोडलं. पेन्सिलीचं खोडलेलं वाचता येतं.

इतकं सगळं शिष्यवृत्तीच्या बाजूने असताना मी हे पत्र का लिहिते आहे, तर तुम्ही शिष्यवृत्ती देता त्या पद्धतीमुळे.

शिष्यवृत्ती या शब्दालाच एक चकाकी आहे, आणि ती तुम्हालाही ठाऊक आहे. क्रिस्टोफर एव्हरी आणि कॅरोलिन हॉक्सबी यांनी २००४ साली अतिहुशार मुलांच्या निवडी तपासल्या. बहुतेक मुलं समंजसपणे निवडत होती, पण सुमारे तीस टक्के मुलांना वरवरच्या गोष्टी ओढत होत्या, आणि मिळणाऱ्या रकमेला ‘शिष्यवृत्ती’ म्हटलेलं असणं ही त्यांतली एक. रक्कम तीच, नुसतं नाव दिल्याने तिचं वजन वाढतं. याचं मोठं उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याची ॲडम्स शिष्यवृत्ती. २००५ साली शाळेतून बाहेर पडलेल्या तुकडीपासून ती मिळू लागली. राज्याच्या परीक्षेत वर आलेल्या मुलांना राज्याच्या सरकारी महाविद्यालयांत शिकवणी शुल्क माफ. ऐकायला केवढं! पण तिथे शिकवणी शुल्क हा खर्चाचा लहानसा भाग होता. त्याच्या कितीतरी पट रक्कम ‘इतर सक्तीचे शुल्क’ या नावाखाली भरावीच लागायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सारा कोहोड्स आणि जोशुआ गुडमन यांनी गुणांच्या रेषेच्या जेमतेम वर आलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं ताडून पाहिली, तेव्हा कळलं की या शिष्यवृत्तीपायी काही मुलांनी जास्त चांगली महाविद्यालयं सोडली होती. परिणामी वेळेत पदवी पूर्ण करणारी मुलं कमी झाली, वाढली नाहीत. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. मोजमाप मात्र मुलांनी केलं नाही आणि कुणी त्यांना करून दिलंही नाही.

दुसरी मेख अटीत. जॉर्जिया राज्याने १९९३ साली लॉटरीच्या पैशातून होप नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. ती टिकवायला सरासरी ३.० ठेवावी लागायची. मुलांनी काय केलं? अभ्यासकांनी नंतर पाहिलं, तर मुलं एका सत्रात कमी विषय घेऊ लागली होती, अवघड जाणारे विषय मध्येच सोडत होती आणि काही विषय सुट्टीतल्या सत्रात ढकलत होती. त्यांना दोष कसा देणार? तुम्ही गुणांना बक्षीस लावलं, तर मुलं गुण जपतील, शिकणं नाही. मी जो विषय हौसेने घेतला, तो घेऊ नये एवढंच मला माझ्या शिष्यवृत्तीने शिकवलं, तेही घेऊन झाल्यावर. खरं तर नवीन काही चाचपून बघायची मोकळीक मिळावी म्हणूनच पैशाची काळजी काढून घ्यायची असते ना?

आता तुम्ही म्हणाल, अटी असणारच, पैसे झाडाला लागत नाहीत. मान्य. अट असू द्या. पण ती चौथ्या पानावर का? आणि तिथेही नुसती ‘लागू असलेल्या’ का?

मोठ्या नावाच्या विद्यापीठांनी इथे गालातल्या गालात हसू नये. तुमचं पत्र आम्ही तीनदा वाचलं. त्यात ‘एकूण मदत’ या मथळ्याखाली एक भरघोस बेरीज होती, आणि त्या बेरजेतला अर्ध्याहून जास्त भाग कर्जाचा होता. जे व्याजासकट परत करायचं त्याला मदत म्हणणारा सावकार मी तरी पाहिलेला नाही. तोही निदान कर्जाला कर्जच म्हणतो. हे एकट्यादुकट्याचं नाही. २०१८ साली अमेरिकेत अशी हजारो पत्रं तपासली गेली, तेव्हा एकाच प्रकारच्या सरकारी कर्जाला १३६ वेगवेगळी नावं दिलेली सापडली, आणि त्यांतल्या २४ नावांत कर्ज हा शब्दच नव्हता. तिथल्याच सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस अंदाज दिला की ९१ टक्के महाविद्यालयं मुलाला शेवटी नेमके किती पैसे मोजावे लागतील हे पत्रात सांगतच नाहीत, किंवा आहे त्यापेक्षा कमी सांगतात. शंभरातली नऊच पत्रं सरळ. परीक्षेत नऊ गुण मिळवणाऱ्याला तुम्ही प्रवेश दिला असता का?

एक जुनी गोष्ट आठवते, तुमच्यातल्या काही बुजुर्गांना माहीत असेल. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या काही अतिनामांकित संस्था दर वर्षी एकत्र बसायच्या. एकाच मुलाला दोघांतिघांनी प्रवेश दिला असेल, तर त्याच्या घरच्यांनी किती पैसे द्यावेत ते आपसांत ठरवायच्या, म्हणजे तो पैशावरून निवड करणार नाही. १९९१ साली सरकारने त्यावर खटला भरला. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट, त्यातल्या आठही विद्यापीठांनी तडजोड करून ही पद्धत सोडली. मॅसॅच्युसेट्सची एमआयटी ही संस्था मात्र न्यायालयात लढत राहिली. ती पद्धत बंद झाली ते योग्यच झालं, संस्थांनी संगनमताने मुलांवर ओझं ठरवणं बरं नव्हे. मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचते. त्या बैठकांत एकाच मुलाचे कागद एकाच टेबलावर, एकाच मापाने, शेजारी शेजारी मांडलेले असायचे. तुम्हाला तुलना करायची होती तेव्हा ती करण्याजोगी कागदपत्रं तुम्ही बनवू शकत होतात. तेच आता अठरा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून पेन्सिलीने करते, आणि तिच्या दोन कागदांत एकही रकाना जुळत नाही.

मला फार काही मागायचं नाही. पहिल्या पानावर चारही वर्षांचा हिशेब द्या : काय मिळेल, काय भरावं लागेल, कर्ज किती, आणि कर्जाला कर्जच म्हणा. शिष्यवृत्तीची अट ‘पूर्ण’ या शब्दाच्या शेजारीच छापा, तेवढ्याच ठळक अक्षरांत. एखादं सत्र वाईट जातं. मूल आजारी पडतं, घरात काही घडतं, कधी नुसताच विषय डोक्यावरून जातो. त्या सत्राने सगळं हिरावून घेऊ नका, सावरायला एक वर्ष द्या. बाहेरून एखादं बक्षीस मिळालं तर तेवढे पैसे तुमच्या मदतीतून कापणार आहात का, ते आधी सांगा. मेरिलँड राज्याला ही कापाकापी रोखण्यासाठी २०१७ साली कायदा करावा लागला. प्रत्येक ठिकाणी कायद्याची वाट कशाला बघायची? आणि सर्वांत महत्त्वाचं, गेल्या काही वर्षांत ज्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली त्यांतल्या किती जणांकडे ती शेवटच्या वर्षापर्यंत राहिली, तो आकडा छापा. हा आकडा तुमच्याकडे असतोच. पैसे कुणाला पाठवायचे आणि कुणाचे थांबवायचे हे त्याशिवाय तुम्हाला कसं कळतं?

भाचीने हेच विचारलं. दोन्ही विद्यापीठांना तिने त्याच संध्याकाळी ईमेल केलं, तीन प्रश्नांचं. अट नेमकी काय आणि एखाद्या सत्रात घसरले तर पुन्हा संधी मिळते का? शाखा बदलली तर पैसे सोबत येतात का? मागच्या तुकड्यांतल्या किती जणांची मदत शेवटपर्यंत टिकली? मी तिला म्हटलं, तिसरा प्रश्न जरा आगाऊ वाटेल. ती म्हणाली, “मावशी, त्यांनी माझे चार वर्षांचे गुण विचारले तेव्हा ते आगाऊ नव्हते का?”

मोठ्या नावाच्या विद्यापीठाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. खाली माणसाचं नाव होतं आणि त्याचा थेट नंबर. तिने फोन केला, भावजींचं काम मध्यंतरी कमी झालंय ते सांगितलं. त्यांनी कागद मागवले आणि आठवड्याभरात कर्जातला काही भाग अनुदानात बदलून दिला. असं मागता येतं हे आम्हाला त्यांच्या पत्रावरून कळलं नव्हतं, त्या माणसाने फोनवर सांगितलं.

शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठाचं उत्तर तर दोन मिनिटांतच आलं होतं. ‘आपली विचारणा नोंदवण्यात आली आहे’, सोबत एक क्रमांक. मग शांतता. तिने दोनदा आठवण केली. मी एकदा फोन लावला, तर संगीत ऐकत बसले. पंधराव्या दिवशी दुपारी दुसरं ईमेल आलं. त्यात संकेतस्थळाचा एक दुवा होता. उघडला. तिथे लिहिलं होतं, ‘नूतनीकरण लागू असलेल्या अटींच्या अधीन राहील.’

शेवटच्या रात्रीपर्यंत मी शिष्यवृत्तीच्या बाजूने बोलत होते. माझ्याकडे डेल आणि क्रूगर होते, मार्श होते, माझे ते प्राध्यापक होते. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि तो कागद माझ्यासमोर सरकवला. मोठ्या नावाच्या विद्यापीठाच्या नावासमोर चारही रकाने भरलेले होते. कर्जाचे आकडे मोठे होते, पण होते. दुसऱ्या ओळीत पहिल्या वर्षात शून्य लिहिलेलं होतं आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. माझी ३.४७ ची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ आहे, ती काही बोलली नाही. मीही मग गप्प बसले.

तर, शिष्यवृत्ती समितीतल्या मंडळींनो, एक हुशार, शिकवायची आवड असलेली, तुमच्याकडे यायला तयार असलेली मुलगी तुम्ही गमावलीत, आणि ती नावाच्या मोहाने गेली नाही. तुमचे पूर्ण शिष्यवृत्तीचे पैसे तुमच्याकडेच राहिले आहेत.

तिचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी अर्ज भरणार आहे. तो कागद आम्ही टाकलेला नाही आणि विचारणेचा क्रमांकही त्यावरच लिहून ठेवला आहे. उत्तर सापडलं तर कळवा. दुसऱ्या ओळीतले तीन रकाने अजून रिकामे आहेत.

कळावे,

आपली,
एक मावशी, आणि दोन वर्षांपुरती का होईना, एके काळची पूर्ण शिष्यवृत्तीधारक